घासाघीस करताना समोरच्याचा स्वभाव ओळखून काही फायदा होतो का?

डोंबिवलीकरीण

नमस्कार मंडळी. मला खरोखर मदत हवी आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसात एक कार्यशाळा झाली. प्रश्नावली भरून घेतली आणि डिस्क नावाच्या पद्धतीने सगळ्यांना चार गटांत बसवलं. डी म्हणजे हुकमी, आय म्हणजे बोलका, एस म्हणजे सांभाळून घेणारा आणि सी म्हणजे काटेकोर. मी ठळक एस निघाले. शिकवायला आलेल्या बाईंचं म्हणणं असं की हे ऑफिसपुरतं ठेवू नका. भाजीवाल्यापासून गाडीच्या शोरूमपर्यंत समोरच्याचा प्रकार ओळखा आणि तसं बोला, भाव खाली येतो. डीशी थेट आकडा बोलायचा, आयशी आधी गप्पा मारायच्या, एसच्या मागे घाई लावायची नाही, सीसमोर दुसरीकडचे भाव लिहून ठेवायचे.

माझ्यापुढे आता खरी खरेदी आहे. धाकट्या बहिणीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या मुहूर्तांत धरलंय. बाबा नाहीत, आईच्याने आता दुकानं फिरवत नाहीत, त्यामुळे आहेराच्या साड्या, बहिणीची पैठणी, मंगळसूत्र आणि तिच्या घरचा फ्रिज हे सगळं माझ्या अंगावर आहे. पैसे आईच्या ठेवीतले. त्यातला एक रुपयाही उगाच जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

अडचण कुठे येते तेही सांगते. भाव मी विचारते, कमीही सांगते. पण दुकानदार गप्प झाला, नुसता साडीकडे बघत बसला, की ती शांतता मला जड जाते. मग माझ्याच तोंडून पुढचा आकडा निघतो.

आमच्या सासूबाई याच्या अगदी उलट. दारावर बोहारीण आली की बघत राहावं. जुन्या कपड्यांवर पातेलं घ्यायचं, म्हणजे यात रुपयाचा हिशेबच नाही. सासूबाई आधी सुती साड्या नि शर्ट काढतात, बोहारीण नाक मुरडते, लहानसं भांडं पुढे करते. सासूबाई काही न बोलता पोळ्या लाटायला आत जातात. जरीची साडी गाठोड्यात शेवटची, तीही दोघींना माहीत असते. ती निघाली की मोठं पातेलं येतं आणि वर एक झाकणी. दोघी हसत निरोप घेतात. सासूबाईंनी कधी कुठली प्रश्नावली भरलेली नाही.

तर प्रश्न असा : हे स्वभावाचे प्रकार बाजारात कुणी वापरून पाहिलेत का? दुकानात आतल्या बाजूला काम केलेलं कुणी असेल तर जरूर लिहा.

पाटीपेन्सिल

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे आधी त्या चार अक्षरांबद्दल.

डिस्कच्या मुळाशी विल्यम मार्स्टन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची १९२८ सालची मांडणी आहे. वंडर वुमन हे कॉमिक्समधलं पात्र जन्माला घालणारा तोच. त्याने स्वतः अशी चाचणी बनवलीच नव्हती, प्रश्नावल्या नंतर इतरांनी केल्या. दुसरी प्रसिद्ध पद्धत सोळा प्रकारांची, एमबीटीआय. कार्ल युंगच्या १९२१ सालच्या मांडणीवरून कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स या मायलेकींनी ती घडवली. ही चाचणी विकणारी कंपनीसुद्धा नोकरीसाठी माणसं निवडायला ती वापरू नका असं सांगते. यांतली मोठी अडचण अशी की बहुतेक माणसं कुठल्याही मोजपट्टीवर मधोमध कुठेतरी असतात आणि चाचणी त्यांना या बाजूला की त्या बाजूला असं ढकलते. काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर अनेकांचा प्रकार बदलतो.

आता विचार करा. माणसाने स्वतः अर्धा तास बसून प्रश्नावली भरली तरी प्रकार पक्का ठरत नाही. मग दुकानातल्या पाच मिनिटांत तुम्ही अनोळखी माणसाचा प्रकार कसा ठरवणार? शिवाय तो त्या वेळी दुकानदार म्हणून वागत असतो. गल्ल्यावर हुकमी दिसणारा माणूस घरी अगदी मवाळ असू शकतो.

पण तुमच्या स्वतःच्या स्वभावाबद्दल एक उपयोगी गोष्ट संशोधनात सापडते. ब्रूस बॅरी आणि रेमंड फ्रीडमन यांनी १९९८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकाचा फायदा तो दुसऱ्याचा तोटा, अशा निव्वळ भावाच्या ओढाताणीत समजूतदार आणि बोलक्या स्वभावाच्या लोकांना तोटा होतो. समोरून आलेल्या पहिल्या आकड्याकडे ते जास्त ओढले जातात. मात्र ज्यांनी स्वतःसाठी उंच लक्ष्य धरलेलं होतं, त्यांच्या बाबतीत हा तोटा कमी झाला. तुमच्यासाठी याचा सरळ अर्थ असा की आकडा घरी ठरवा आणि कागदावर लिहा. दुकानात बसून ठरवायचा नाही.

गादीवरून

ताई, तुम्ही दुकानाच्या आतला माणूस मागितलात म्हणून लिहितो. लक्ष्मी रस्त्यावरच्या एका साड्यांच्या दुकानात मी विशीत लागलो आणि निवृत्त झालो तोही तिथूनच. आमच्या वेळी पांढऱ्या गादीवर बसून साड्या उलगडायच्या, आता काचेचे काउंटर आले. काम तेच आहे.

आम्ही गिऱ्हाइकाची पारख करायचो, आणि ती माणूस आत येऊन बसेपर्यंत झालेली असायची. पण कोण हुकमी नि कोण मवाळ यात आम्हाला रस नव्हता. आम्ही हात बघायचो. बाई आधी किमतीची चिठ्ठी उलटते की आधी पोत चाचपते. पन्नास साड्या उलगडल्यावर तिचा हात पुन्हा कुठल्या साडीवर जातो. सोबत आलेली बहीण किंवा नणंद मोठ्यांदा ‘अय्या, हीच घे’ म्हणाली की आमचं काम झालं, त्या साडीवर पुढे एक रुपया सुटत नसे. आणि नवरा घड्याळाकडे बघायला लागला की आम्ही मुद्दाम सावकाश घड्या घालायचो. मी हे अभिमानाने सांगत नाही, तसं चालायचं म्हणून सांगतोय.

आता तुमच्या कामाचं. जुन्या पद्धतीच्या दुकानांत साडीच्या चिठ्ठीवर किमतीशेजारी दोन-चार अक्षरं लिहिलेली असतात. ती खरेदीची किंमत. दहा वेगवेगळ्या अक्षरांचा एक शब्द मालक ठरवतो आणि एकेका आकड्याला एकेक अक्षर देतो. तुम्ही ‘किती कमी कराल’ असं विचारता तेव्हा विक्रेता त्या अक्षरांकडे बघून उत्तर देतो. तुम्ही त्याच्याशी गोड बोला, तिखट बोला, ती अक्षरं बदलत नाहीत. गोड बोलण्याने तो त्या मर्यादेच्या जवळ लवकर येईल, एवढंच. आणि त्याच्या हातात फार थोडं असतं, हे विसरू नका. त्याला ठरावीक सूट देता येते, त्यापुढे गल्ल्यावरच्या शेठना विचारावं लागतं. म्हणून त्याच्याशी वाद घालत अर्धा तास घालवण्यापेक्षा ‘दादा, तुमच्या हातातलं तुम्ही दिलंत, आता शेठना विचारून या’ असं सरळ म्हणा. त्यालाही त्यात मान वाटतो. मला वाटायचा.

सगळ्यात महाग पडणारा प्रश्न भावाचा नसतोच. तो सुरुवातीला येतो, ‘रेंज काय दाखवू ताई?’ तुम्ही दोन ते तीन हजार म्हणालात की तुमच्यापुढे पहिली साडी तीनची आणि दुसरी साडेतीनची पडते. दोनची मागितल्याशिवाय निघत नाही, आणि तोवर साडेतीनच्या साडीने तिचा रंग फिका पाडलेला असतो. आहेराच्या साड्यांना तर रेंज सांगूच नका. नग सांगा. ‘वीस नग हवेत, अमुकच्या आतले, वेगवेगळ्या रंगांत.’ नगावर दुकानदार जितका सैल होतो तितका एका साडीवर कधीच होत नाही, कारण तुम्ही त्याचा रॅक हलका करता.

जिथे ‘एकच भाव’ अशी पाटी आहे तिथे आकड्यावर अडून बसू नका, पाटी लावणाऱ्याने ती पाळायची असते. तिथे फॉल-पिको मागा, लग्नानंतर चार नग बदलून मिळतील का ते विचारा आणि मिळणार असतील तर बिलावर लिहून घ्या.

पैठणीचं मात्र वेगळं आणि याबद्दल मला कळकळीने सांगायचंय. हातमागाची पैठणी असेल तर पदर उलटून बघा. मोर, मुनिया, असावली, जी काही नक्षी असेल ती मागच्या बाजूनेही जवळपास तशीच दिसली पाहिजे, कारण प्रत्येक रंगाचा धागा तिथल्या तिथे हाताने गुंतवलेला असतो. यंत्रमागावरच्या साडीला मागे आडवे सुटे धागे दिसतात किंवा कापलेली टोकं. यंत्रमागाची साडी घेण्यात कमीपणा काहीच नाही, मीही माझ्या घरात घेतली आहे, पण ती हातमागाच्या भावात घेऊ नका. पैसे खरे तिथे वाचतात. आणि साडी खरोखर हातमागाची असली तर फार ओढू नका. येवल्यातल्या विणकराला एक साडी उतरवायला काही आठवडे लागतात, भरजरी पदर असेल तर महिने. तुम्ही दुकानात शेवटचे हजार-दोन हजार सोडवता तेव्हा दुकानदार ते स्वतःच्या खिशातून देत नाही, पुढच्या खेपेला विणकराकडून कापतो.

दर्याची लेक

गादीवरून काकांचा शेवटचा परिच्छेद वाचून राहवलं नाही. माझी आई मासे विकायची, आता वहिनी विकते. या धाग्यात मासे नाहीत, पण रोजच्या खरेदीचा विषय आहे म्हणून लिहिते.

लोक म्हणतात कोळीण तापट असते. त्या कार्यशाळेवाल्या बाईंनी आईला डी ठरवलं असतं. आई घरात अवाक्षर बोलत नसे. बाजारातला आवाज हा धंद्याचा आवाज होता. भाऊच्या धक्क्यावर किंवा ससून डॉकला पहाटे लिलावात माल उचलायचा, त्यावर बर्फ, टेम्पो, आणि दुपारनंतर प्रत्येक तासाला पाटीतल्या मालाची किंमत आपोआप खाली. एवढं डोक्यावर घेऊन बसलेल्या बाईने गोड आवाजात बोलावं ही अपेक्षाच मला अन्यायाची वाटते.

भाव बघायचा तर वार बघा. बुधवार, शुक्रवार, रविवारी सगळ्यांनाच मासे हवे असतात, तेव्हा कितीही गोड बोला, सुरमई उतरणार नाही. सोमवारी, गुरुवारी, संकष्टीला निम्म्या घरांत मासे शिजत नाहीत. त्या दिवशी तोच माल त्याच पाटीवर वेगळ्या भावाने मिळतो. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत भाव चढतो, पुढे श्रावण लागला की गिऱ्हाईकच गळतं. पहिलं गिऱ्हाईक असाल तर भवानीच्या वेळी आई थोडं कमी घ्यायची पण रिकामं जाऊ द्यायची नाही, आणि उगाच भाव विचारून निघून गेलेलं माणूस तिला दिवसभर खुपायचं.

एक नियम पाळा, एवढीच विनंती. कल्ले उचलून बघा, डोळा बघा, बोटाने दाबून बघा, तो तुमचा हक्क. पण तुम्ही स्वतः आकडा सांगितलात आणि ती ‘घे’ म्हणाली, तर घ्यायचंच. तिथून पाऊल मागे घेतलं तर पुढच्या वेळी तुम्हाला खरा भाव सांगणार नाही. आणि आकडा अडला तर तो सोडा, ‘वर चार बोंबील टाक’ म्हणा. पैशात ती जे देणार नाही ते मालात देते.

डोंबिवलीकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, चिठ्ठीवरच्या अक्षरांचं मला अजिबात माहीत नव्हतं. काल रात्री आईबरोबर बसून आकडे लिहून काढले, प्रत्येक वस्तूला ‘इतक्यात मिळालं तर आनंद’ आणि ‘याच्या वर नाही’ असे दोन.

दोन शंका राहिल्या. मंगळसूत्राच्या बाबतीत सराफाशी भाव करायचा म्हणजे नेमका कशावर? सोन्याचा दर तर त्याच्या हातात नाही. आणि फ्रिजवर छापील किंमत असते, तिथे काय करायचं?

कसोटी

सराफी पेढीवर हिशेबाचं काम करतो, म्हणून सोन्याचं सांगतो.

सोन्याचा दर रोजचा ठरलेला असतो, त्यावर वेळ घालवू नका. बोलायचं ते घडणावळीवर, म्हणजे दागिना घडवण्याच्या मजुरीवर. ती कुठे ग्रॅममागे लावतात, कुठे टक्क्यांत. टक्क्यांत असेल तर सोनं महागलं की मजुरीही आपोआप वाढते, कारागिराचं काम तेवढंच असतं. दोन पेढ्यांवर एकाच वजनाच्या, एकाच घडणीच्या वाट्या विचारून बघा, फरक घडणावळीत दिसेल. बिलावर सोन्याचं वजन, दर, घडणावळ आणि तीन टक्के जीएसटी वेगवेगळे लिहून मागा.

मंगळसूत्रात काळे मणी असतात. त्यांचं वजन सोन्यात धरलेलं नाही ना, हे तोलतानाच विचारा. खडे असतील तर त्यांचंही. संकोच करू नका, चांगला सराफ स्वतःहून सांगतो. दागिन्यावर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह, २२ कॅरेट असेल तर ९१६ आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक असायला हवा. १ एप्रिल २०२३पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर हा क्रमांक सक्तीचा आहे आणि बीआयएस केअर ॲपवर तो टाकून तपासता येतो. आईकडचं जुनं सोनं मोडीत देणार असाल तर नव्या दागिन्याचं बोलणं आधी पूर्ण करा, मग मोड काढा. दोन्ही एकत्र बोललात की इकडे दिलेली सूट तिकडे घटीत, म्हणजे जुन्या सोन्यातून कापलेल्या तुटीत, निघून जाते.

फ्रिजचं थोडक्यात : एमआरपी ही जास्तीत जास्त किंमत आहे, तिच्या वर घेणं बेकायदा, खाली देणं पूर्णपणे दुकानदाराच्या मर्जीवर. वीजबचतीचे तारे दाखवणाऱ्या लेबलवर ते कुठल्या काळासाठी आहे हे छापलेलं असतं, तो काळ उलटून गेला असेल तर माल पडून आहे असं समजा आणि तिथे बोला. महिनाअखेरीला विक्रीचं लक्ष्य गाठायचं असतं, तेव्हा जा.

गादीवरून

ताई, दोन आकडे लिहिलेत ते उत्तम केलंत. आता त्या शांततेबद्दल, कारण तुमचा खरा प्रश्न तोच होता आणि अजून कुणी त्याला हात घातलेला नाही.

आम्ही गप्प का व्हायचो, तर बहुतेक वेळा मनात हिशेब चाललेला असायचा. चिठ्ठीवरची अक्षरं जुळवायची, शेठचा आजचा मूड आठवायचा, याच मालाचे किती नग मागे पडलेत ते आठवायचं. त्यात तुमच्यावर राग नसतो. सांभाळून घेणाऱ्या माणसाला समोरचा गप्प झाला की तो दुखावला असं वाटतं आणि तो लगेच फुंकर घालायला जातो. इथे फुंकर म्हणजे वाढीव आकडा. तुमच्या स्वभावाला शांत बसणं जमणार नसेल तर बसू नका, हाताला काम द्या. आवडलेल्या साडीशेजारी तेवढीच चांगली दुसरी साडी आधीच काढून ठेवा. आकडा सांगून झाला की दुसरी उलगडा, तिचा काठ बघा, बहिणीला तिच्याबद्दल काही विचारा. तुमच्या सासूबाई पोळ्या लाटायला जातात ते याचसाठी. जमल्यास त्यांनाच सोबत घेऊन या. मात्र दुकानात बोलणारी एकच असू द्या, बाकीच्यांनी पसंती घरी जाऊन सांगायची.

येण्याची वेळ : तुम्ही मानत नसाल तर पितृपंधरवड्यात या. त्या दिवसांत लग्नाची खरेदी फारशी कुणी करत नाही, विक्रेत्यांना वेळ असतो, शेठ जागेवर असतात. घरात मानत असतील तर आईचं मन मोडू नका, नवरात्रात गर्दी व्हायच्या आत आठवड्याच्या मधल्या वारी दुपारी जेवणानंतर या. हातमागाची पैठणी सांगून करून घ्यायची असेल तर मात्र तोवर थांबू नका. आजच येवल्याला फोन करा, नाहीतर मुहूर्तापर्यंत ती मागावरून उतरायची नाही.